तिसरी हाक

दिवाळीच्या फराळाबरोबर रात्री एक भुताची गोष्ट, हा आमच्या घरचा जुना प्रघात आहे. करंजी तोंडात आणि भीती पोटात! यंदा वाचनाची पाळी माझ्यावर आली, आणि मी अल्जरनॉन ब्लॅकवूड या इंग्रज लेखकाची १९१० सालची ‘द वेंडिगो’ ही कथा नातवंडांना मराठीतून सांगायला बसलो.

कॅनडाच्या अरण्यात काही मंडळी मूस नावाच्या अजस्र हरणाच्या शिकारीला जातात. त्यांतला सिंप्सन हा धर्मशास्त्राचा तरुण विद्यार्थी आणि त्याचा वाटाड्या देफागो तळ्यापलीकडे वेगळा तंबू ठोकतात. रात्री बाहेरून देफागोला कुणीतरी नावाने हाक मारते. तो उठतो आणि धावत सुटतो. सकाळी बर्फात दोन माग दिसतात. एक प्रचंड, वाटोळ्या पावलांचा, शेजारचा माणसाचा. माणसाच्या पावलांतले अंतर वाढत जाते, त्यांचा आकारही हळूहळू त्या दुसऱ्यांसारखा होतो, आणि एके ठिकाणी दोन्ही माग संपतात. पुढे नुसते कोरे बर्फ! वरून, आभाळातून मात्र पाय जळत असल्याचा देफागोचा आक्रोश ऐकू येतो.

चकलीकडे कुणाचा हात जाईना. तेवढ्यात धाकट्याने विचारले, “आजोबा, तो वेंडिगो खातो काय?”

“शेवाळ,” मी म्हणालो. कथेत तसेच आहे.

“हात्तिच्या!” सगळे हसले, आणि माझी भीती पार वाया गेली.

पण प्रश्न पोराने नेमका विचारला होता. वेंडिगो मूळचा ओजिब्वे, क्री वगैरे तिथल्या लोकांचा. आणि त्यांचा वेंडिगो शेवाळ खात नाही. हिवाळा लांबतो, शिकार मिळेनाशी होते, आणि भुकेने वेडा झालेला माणूस माणसाला खातो, तो वेंडिगो होतो. त्याच्या काळजाचे बर्फ होते. प्रत्येक घासागणिक त्याचे अंग वाढते, म्हणून भूक तेवढीच राहते. ब्लॅकवूड तरुणपणी कॅनडात राहिलेला होता. पण त्याची पात्रे शिधा बांधून शिकारीला आलेली. त्यांना भीती वाट चुकण्याची. त्या हाकेचा प्रसंग त्याने लिहावा तसा दुसऱ्या कुणी लिहिलेला मला ठाऊक नाही, हेही खरेच.

आमची आजी माणदेशातली. तिचा चकवा माणसाला रात्रभर एकाच शेतात फिरवायचा. “तिसऱ्या हाकेबगर ओ देऊ नगंस, बाळा,” ती बजावायची. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आईबाप खडी फोडायला जात. घरात लाल मिलोच्या भाकरी. आजी त्या आम्हा चार भावंडांत वाटायची आणि पदर झटकून म्हणायची, “म्या मगाशीच खाल्ली.” कधी खाल्ली, हे आम्ही कुणी विचारले नाही. त्या वर्षी तिच्या गोष्टी फार लांबत. पोटात कालवायला लागण्याआधी आम्हाला झोप यावी म्हणून लांबत, हे कळायला मला पन्नास वर्षे लागली.

तिच्या चकव्याने कधी काही खाल्ले नाही. हसायचा आणि उजाडताच निघून जायचा.

“शेवाळ खाऊन कसं पोट भरतं त्याचं?” झोपताना धाकट्याने पुन्हा विचारले.

“पुष्कळ असतं तिकडे,” मी म्हणालो, आणि त्याच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले.