रेशीमगाठी

आपल्या ख्रिस्ती घरांच्या भिंती सहसा मोकळ्या नसतात. दर्शनी भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली तेवणारा लाल दिवा, बाजूला दिवंगत आजी-आजोबांची छायाचित्रे आणि जेवणाच्या टेबलामागे शेवटच्या भोजनाचे चित्र, ही मांडणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. कोणी बोटीवर नोकरीस असेल, तर त्याच्या घरी या तसबिरींच्या पंक्तीत क्वचित आणखी एक पाहुणा दिसतो. तो म्हणजे चीनमध्ये विणलेला झळाळता भित्तिपट. डोंगर, धबधबे, करकोचे, फुलांनी लहडलेल्या फांद्या अशी चित्रे त्यावर असतात. येणारा-जाणारा त्यापुढे क्षणभर थबकतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "केवढ्याला पडला?" या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. ते शोधताना आम्हांला जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

भिंतीवर रेशीम टांगण्याची चिनी परंपरा फार जुनी. सोंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ या काळात, 'केसी' नावाचे विणकाम तेथे भरास आले. या नावाचा अर्थ 'कोरीव रेशीम' असा सांगतात. यातला उभा धागा, म्हणजे ताणा, अखंड असतो. आडवा धागा, म्हणजे बाणा, मात्र एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातच नाही. पाकळीचा गुलाबी रंग जेथे संपतो, तेथून तो धागा मागे वळतो आणि पानाचा हिरवा धागा सुरू होतो. प्रत्येक रंगास वेगळा, चिमुकला धोटा. दोन रंगांच्या सीमेवर बारीक फट राहते. पट उजेडाकडे धरला, की चित्र सुरीने कोरल्यासारखे दिसते. धाग्यांची टोके नीट कापून घेतली, की पुढची व मागची बाजू सारखीच. बाराव्या शतकातील झ्वांग च्वो या लेखकाने नोंदवून ठेवले आहे, की अशा विणकामाच्या एका स्त्रीवस्त्राला पुरे वर्ष लागे.

त्याच काळातील झू केरौ या विणकर स्त्रीचा एक पट शांघायच्या संग्रहालयात जपलेला आहे. सुमारे १ मीटर लांबी-रुंदीचा. कमळांचे तळे, त्यात बदके आणि त्यांची पिले. त्या चित्रातच तिने आपले नाव धाग्यांनी विणून ठेवले आहे. आठशेहून अधिक वर्षे उलटली, पण विणणारीचे नाव पटाबरोबर टिकून राहिले. असे भाग्य फार थोड्या हातांना लाभते.

आपल्याकडे येणारा पट बहुधा केसीचा नसतो. तो गाठींचा असतो. जातीने तो गालिचाच, फक्त पायाखाली न अंथरता भिंतीवर चढविलेला. हेनान प्रांतातील नानयांगचा परिसर अशा रेशमी कामाविषयी प्रसिद्ध आहे. उभ्या मागावर ताणा चढवितात. समोर चौकटींच्या कागदावर चित्र असते. कोणत्या चौकटीत कोणता रंग, हे त्यावरून कळते. विणणारी व्यक्ती ताण्याचे दोन धागे बोटांनी ओढते, त्यांभोवती रंगीत धाग्याची गाठ घालते आणि सुरीने धागा कापते. पुन्हा पुढची गाठ. एक ओळ पुरी झाली, की बाणा घालून फणीने ठोकून घट्ट बसवायचा. सर्व पट विणून झाल्यावर वरची लव कातरून सारखी करायची. फुलापानांच्या कडेने ती किंचित खोल कातरली, की आकृती उठून दिसते. रेशमाची लव एका दिशेला झुकलेली असते. म्हणून एकीकडून पाहिले तर पट उजळ दिसतो आणि दुसरीकडून पाहिले तर गडद.

या धंद्यात कामाचा बारीकपणा 'लाईन'मध्ये मोजतात. १२० लाईन म्हणजे एका फुटाच्या रेषेत १२० गाठी. चौरस फुटात १४,४००. बारीक रेशमी काम ३०० लाईनपर्यंत जाते, म्हणजे चौरस फुटात ९०,००० गाठी. एका कुशल हाताने दिवसाला ८,००० गाठी घातल्या असे धरले, तर एवढा तुकडा विणण्यास ११ दिवसांहून अधिक काळ लागतो. आठ तासांच्या दिवसात ८,००० गाठी म्हणजे एका गाठीस चार सेकंदही मिळत नाहीत.

आमच्या थोरल्या मावशीचे यजमान बोटीवर होते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त १९८६ साली त्यांनी शांघायहून असाच एक पट आणला. पाइनच्या वृक्षाखाली करकोच्यांची जोडी. चिनी लोक या दोहोंना दीर्घायुष्याचे चिन्ह मानतात, हे काकांनी आम्हां मुलांना मोठ्या कौतुकाने सांगितले होते. २०११ साली काका देवाघरी गेले. पुढे २०१४ साली नातीच्या परिचारिका-शिक्षणाची फी भरण्याची वेळ आली, तेव्हा मावशीने तो पट विकावयाचे ठरविले. मुंबईतील एका गालिचा-व्यापाऱ्याकडे आम्हीच तिला घेऊन गेलो.

त्या वृद्ध गृहस्थांनी पटाच्या दर्शनी बाजूकडे पाहिलेही नाही. तो टेबलावर पालथा घातला, भिंग लावले आणि मागच्या बाजूने गाठी मोजल्या. इंचात वीस. मग दशा तपासल्या. हाताच्या कामात दशा म्हणजे ताण्याचीच टोके असतात. यंत्राच्या कामात बहुधा त्या मागाहून शिवलेल्या दिसतात. येथे त्या ताण्याच्याच होत्या. शेवटी त्यांनी लवेतील एक तंतू चिमट्याने उपटून जाळला. खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. येथे कागद जळल्याचा वास आला.

"बाई, काम हाताचेच आहे," ते म्हणाले, "पण धागा रेशमाचा नव्हे. रेयॉन आहे. याचे फारसे काही येणार नाही."

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "गाठी तर खऱ्या ना?"

"गाठी खऱ्या. एकूण एक हाताने घातलेल्या."

"मग द्या इकडे," असे म्हणून तिने पट गुंडाळला. फीसाठी पतपेढीतून कर्ज काढले. पट पुन्हा भिंतीवर गेला.

घरी परतताना आम्ही मनाशी हिशेब केला. दोन फूट रुंद, तीन फूट उंच. इंचात वीस गाठी. एकूण ३,४५,६००. म्हणजे कोणा एका जिवाचे ४३ दिवस. धागा रेशमाचा असता, तरीही इतकेच दिवस लागले असते. बोटे तितकीच दुखली असती, डोळे तितकेच शिणले असते. बाजाराने धाग्याची किंमत केली आणि त्या ४३ दिवसांची किंमत जवळजवळ शून्य लावली. व्यापाऱ्याचे काही चुकले नाही. बाजाराचा नियम त्याने सरळपणे सांगितला. परंतु काकांनी लबाडीची वस्तू आणली, असे म्हणावयास आमची जीभ धजेना. धाग्याबाबत त्यांची फसवणूक झाली, श्रमांबाबत नाही.

आज चिनी मागांवर शेवटच्या भोजनाचे चित्रही गाठींनी विणले जाते. लिओनार्दो द विंचीने १४९५ ते १४९८ या काळात मिलान येथील मठाच्या भोजनगृहात रंगविलेले, आपल्या जेवणघरांतून नित्य दिसणारे तेच चित्र. विणणारी व्यक्ती येशूला ओळखते की नाही, हे आपणांस कळत नाही. तिच्यापुढे असतात त्या चौकटी: येथे तपकिरी, येथे थोडा फिका, येथे त्याहून फिका. तळापासून वर विणत गेल्यास आधी टेबलावरची भाकर येते, मग भाकरीकडे पसरलेले प्रभूचे हात, आणि मुख त्यांच्यानंतर. ज्या भोजनात प्रभूने स्वतः कमरेस वस्त्र बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्या भोजनाचे चित्र कोणा अनाम कष्टकऱ्याच्या बोटांतून आपल्या घरी यावे, यात आम्हांला मोठे औचित्य दिसते. त्या बोटांचा विचार न करता केवळ झळाळी मिरविली, तर ते औचित्य वाया जाते.

२००९ साली युनेस्कोने चीनच्या रेशीम-उत्पादन व रेशीम-विणकामाच्या परंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. गौरव झाला, पण मागावर बसणारे तरुण हात चीनमध्येही कमी होत चालले आहेत. इतर कारखान्यांत पगार बरा मिळू लागल्यावर महिनोन् महिने गाठी घालीत कोण बसणार? आणि त्यांना दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा? कलेचे रक्षण व्हावे असे म्हणणाऱ्याने त्या कलेचे मोलही द्यावयास हवे.

आपल्या मराठीत 'गाठ' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. भेट झाली की गाठ पडते, साठविलेला पैसा गाठीशी असतो, एखादी गोष्ट मनात पक्की ठेवावयाची तर खूणगाठ बांधतात, आणि विवाहाला तर आपण रेशीमगाठच म्हणतो. मावशीच्या भिंतीवरील गाठी रेशमाच्या नाहीत, तरी तिला त्या रेशीमगाठीच वाटतात. वाचकहो, असा पट कधी आपल्या घरी आला, तर तो ऊन लागणार नाही अशा भिंतीवर लावावा, म्हणजे रंग टिकतील. पण लावण्यापूर्वी एकदा तो उलटा करून मुलाबाळांना दाखवावा आणि एका इंचातल्या गाठी त्यांना मोजू द्याव्यात. किंमत मागाहून सांगितली तरी चालेल.