हाकुबाचं ऋण

बर्फावरचा एकही खेळ मी कधी खेळले नाही, आणि आता या वयात खेळणारही नाही. तरी हिवाळा आला आणि स्की जंपिंगच्या स्पर्धा लागल्या की आपण कुणाचं तरी देणं लागतो, असं मला वाटत राहतं. ते फिटण्यातलं नाही. निदान त्याची नोंद व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

पुण्याच्या आमच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट, आणि क्रिकेट म्हणजे भारतानं जिंकणं. सचिन बाद झाला की वडील टीव्ही बंद करायचे आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. ज्या चेंडूवर तो बाद झाला तो किती सुरेख पडला होता, हे बघायची आम्हाला सवयच नव्हती. जपानी शिकून नागोयाजवळच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून गेले, तेव्हा खेळ बघण्याची माझी शिदोरी एवढीच होती.

त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या एक बाई मूळच्या साप्पोरोच्या होत्या. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या गावातल्या मियानोमोरी टेकडीवर कासाया, कोन्नो आणि आओची या तीन जपानी खेळाडूंनी सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी तिन्ही पदकं घेतली, तेव्हा त्या गर्दीत उभ्या होत्या. मी शाकाहारी, म्हणून माझ्यापुरतं वेगळं काहीतरी त्या काढून ठेवायच्या. बैठका लांबल्या की मी उशिरा जेवायला जायचे, तेव्हा तिथं आम्ही दोघीच उरायचो. टीव्हीवर उड्या लागल्या असतील तर त्या मला शेजारी बसवून घ्यायच्या.

सुरुवातीला मला सगळ्या उड्या सारख्याच दिसत. माणूस वरून घसरत येतो, हवेत जातो, खाली उतरतो, मग आकडे येतात. त्या म्हणाल्या, आकडे नंतर बघ, आधी कड बघ. उतारावरून ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेगानं आलेला खेळाडू ज्या कडेवरून सुटतो, ती वर उचललेली असेल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ती खालीच झुकलेली असते. तिथं त्याला वर फेकणारं काही नसतं, ती उसळी त्यानं स्वतःच्या पायांनी घ्यायची असते, आणि तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग हवेत फाकवलेल्या स्की. स्वीडनच्या यान बोक्लोवनं त्या तशा फाकवल्या तेव्हा पंच त्याचे शैलीचे गुण कापत. तरी १९८८-८९ चा विश्वचषक त्यानं जिंकला आणि पुढं सगळे त्याच्यासारखेच उडू लागले. शेवटी उतरणं, एक पाय पुढं, गुडघे वाकलेले, हात पसरलेले. पाच पंच, प्रत्येकाचे जास्तीत जास्त वीस गुण, त्यातला सर्वात मोठा आणि सर्वात लहान आकडा वगळायचा. हळूहळू पंचांचे गुण पडद्यावर यायच्या आत माझ्याही मनात एक आकडा येऊ लागला. कोण कुठल्या देशाचा, हे विचारायचं मी कधी सोडलं ते मलाही कळलं नाही.

मग १७ फेब्रुवारी १९९८ उजाडला. नागानो ऑलिंपिकची सांघिक स्पर्धा हाकुबाला होती. कारखान्यात त्या दिवशी कुणाचंच कामात लक्ष नव्हतं, कारण मासाहिको हारादाची गोष्ट जपानमध्ये प्रत्येकाला ठाऊक होती. १९९४ ला लिलेहामरमध्ये शेवटची उडी त्याची होती. १०५ मीटर पुरेसे होते, तो ९७.५ वरच उतरला आणि सुवर्ण जर्मनीला गेलं. हाकुबात पहिल्या फेरीत दाट हिमवर्षावात तो आला आणि ७९.५ मीटरवरच उतरला. जपान चौथा. नंतर बर्फ इतका वाढला की स्पर्धा थांबवावी लागली. तशीच रद्द झाली असती, तर चौथा क्रमांकच कायम राहिला असता.

ती पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या फेरीत हारादा १३७ मीटर गेला. त्याच्याच संघातल्या फुनाकीची शेवटची उडी व्हायची होती तेव्हा हारादा खाली उभा राहून, रडव्या आवाजात त्याचं नाव घेत होता. जपाननं सुवर्ण जिंकलं. कँटीनमध्ये माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. बाई मात्र जरा वेळानं मला म्हणाल्या, मधे जे उडाले त्यांना विसरू नकोस.

मधे कोण उडालं होतं? स्पर्धेआधी उतार तयार करणारे, घसरण्याची वाट दाबून देणारे पंचवीस चाचणी-खेळाडू. त्या बर्फात ते सगळे सुखरूप उतरले, तरच स्पर्धा पुढं जाणार होती. त्यांच्यात एक शाळकरी मुलगी होती. स्त्रियांच्या स्की जंपिंगला ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली ती पुढं २०१४ मध्ये. एकाला ऐकू येत नव्हतं. आणि जिन्या निशिकाता होता, लिलेहामरला हारादाच्याच संघात असलेला, दुखापतीनंतर या वेळी निवड न झालेला. हारादानं त्या दिवशी निशिकाताचा शर्ट मागून घेऊन आतून घातला होता. पहिल्या फेरीत हारादा उडाला तेव्हा तो पडावा असं आपल्या मनात आलं होतं, हेही निशिकातानं पुढं मोकळेपणानं सांगितलं. तरी तो उडाला, आणि उत्तम उडाला. या माणसांच्या उड्यांना गुण नव्हते. बऱ्याच वर्षांनी, २०२१ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा मी तो एकटीनं पाहिला. बोलायला शब्द नव्हते.

दुभाष्याचं नाव करारावर येत नाही, याची तेव्हा मला फार खंत वाटायची. हा पेशा सोडून परत यावं असंही मनात घोळत होतं. हाकुबानंतर ती खंत लगेच गेली असं नाही. पण बैठकीच्या आदल्या रात्री यंत्रांचे शब्द पाठ करत बसताना मला ते पंचवीस जण आठवू लागले, आणि मी त्या कामात राहिले. पुढं मुलींना दुभाषेपण शिकवू लागले, तेव्हा पहिल्या वर्गात मी हाकुबाची हकीकत सांगत असे. ती माझी नाही, मला एका बाईंनी दिली, हेही सांगत असे.

पुण्यात परतल्यावर खेळ बघणं सुटलं नाही. १ जानेवारीला जर्मनीतल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनच्या उड्या आपल्याकडे संध्याकाळी लागतात. घरच्यांनाही आता त्यांची सवय झाली आहे. वडील शेवटची काही वर्षं माझ्या शेजारी बसून त्या बघायचे. एकदा एका नॉर्वेच्या मुलाच्या उतरण्यावर त्यांनी नकळत टाळी वाजवली.

२०१४ मध्ये सोचीला नोरिआकी कासाईनं मोठ्या टेकडीवर रौप्यपदक मिळवलं. वय ४१. लिलेहामरच्या त्या संघात तोही होता आणि हाकुबाच्या सांघिक सुवर्णात त्याला वाटा मिळाला नव्हता. सुवर्ण हुकलं ते अवघ्या १.३ गुणांनी, ते पोलंडच्या कामिल स्टोखला मिळालं. मी साप्पोरोला बाईंना फोन लावला. त्या रडतील, हळहळतील असं मला वाटलं होतं. कासाईबद्दल त्या भरभरून बोलल्याच, पण मग बराच वेळ स्टोखबद्दल बोलत राहिल्या. कडेवर तो किती शांत असतो, घाई म्हणून कशी ती नाहीच. तू पाहिलंस ना, असं त्यांनी विचारलं. मी पाहिलं होतं.