वाळवंटात जेवायचं कुठं?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेरला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात तिकिटांच्या आधी डब्यांची चर्चा सुरू झाली.

आम्ही दोघंही शिक्षक, भंडारा जिल्ह्यातले. मोठी सुट्टी मिळते ती दिवाळीत नाही तर उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात वाळवंटात कोण जाणार? सोबत नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि अम्मी. अम्मींचं वय सत्तरच्या पुढं. पंधरा वर्षांपासून शुगर आहे. आणि शुगरपेक्षाही जुना त्यांचा एक नियम आहे. बाहेरचं गोश्त पुरती खात्री असल्याशिवाय खायचं नाही, आणि बाहेरची भाजी-पोळीही शक्यतो टाळायची. “किस बर्तन में क्या पका, कौन जाने?” हे वाक्य ऐकतच आमची मुलं मोठी झाली.

म्हणून दोन दिवस आधीपासून घरात तळण सुरू होतं. दुधात भिजवलेल्या पुऱ्या, शामी कबाब, चिवडा, भाजलेले चणे, वर खजुराचा डबा. नागपूरहून जोधपूर आणि तिथून रात्रीच्या गाडीनं जैसलमेर असा प्रवास. कबाब जोधपूरलाच आंबले. पुऱ्या जैसलमेरच्या कोरड्या हवेत पापडासारख्या झाल्या. उरले चणे, चिवडा आणि खजूर.

लॉजवर सामान टाकून आम्ही पहिला प्रश्न विचारला तो किल्ल्याचा नव्हता. “यहाँ अपना होटल कहाँ है?” एकानं गांधी चौकाकडं पाठवलं, दुसऱ्यानं हनुमान चौकाकडं. दीड-दोन तास फिरलो. शेवटी एका ठिकाणी ‘हलाल’ अशी पाटी दिसली आणि आमचा जीव भांड्यात पडला. पण अम्मी पाटीवर समाधान मानणाऱ्या नव्हेत. कुणी जबह केलं, कुठून आणलं, सगळं त्यांनी वाढणाऱ्या पोराला विचारलं. पोरगं अठरा-एकोणीस वर्षांचं. त्यानं एकदा गल्ल्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणालं, “अम्माजी, आज का माल बाहर से आया है. मैं कसम नहीं खा सकता. आप दाल ले लीजिए.”

त्या पोराची नोकरीही जाऊ शकली असती. आम्ही मनातल्या मनात त्याला दुआ दिली आणि डाळ मागवली. अम्मींनी मात्र डाळीलाही हात लावला नाही, कारण डेगची तीच, पळी तीच. आमची मुलगी पटकन बोलून गेली, “दादी, दाल को जबह नहीं करते!” तिला डोळ्यांनी दटावलं आम्हीच. अम्मींनी चहा घेतला, बिस्किटं घेतली. रात्री लॉजवर चणे खाल्ले आणि झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीप्रमाणं त्यांनी शुगरची गोळी घेतली. वर दोन बिस्किटं. “ऊपर जाकर कुछ खा लूँगी” म्हणाल्या. आम्हीही फार आग्रह केला नाही. चूक तिथंच झाली, आणि ती अम्मींची नव्हती, आमची होती.

जैसलमेरचा किल्ला इ. स. ११५६ मध्ये रावळ जैसल यांनी वसवला. पिवळ्या दगडाचा, उन्हात सोन्यासारखा दिसणारा. आत आजही माणसं राहतात. घरं आहेत, दुकानं आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत. एकामागून एक चार दरवाजे ओलांडत चढण चढावी लागते. शेवटचा हवा पोल ओलांडून मोकळ्या चौकात आलो आणि अम्मी एका ओट्यावर टेकल्या. कपाळ घामानं डबडबलं होतं, हात थरथरत होते. मुलीनं काही विचारलं तर उत्तर भलतंच आलं. शुगर उतरली हे लगेच लक्षात आलं. पर्समध्ये पाण्याची बाटली होती, मोबाइल होता, कॅमेरा होता. खजुराचा डबा लॉजवर होता.

समोरच्या घराच्या दारात एक बाई बांगड्या आणि कापडी पिशव्या मांडून बसल्या होत्या. कपाळावर टिकली, डोक्यावर पदर. आम्ही काही सांगायच्या आत त्यांनी आतून पेला आणला, पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळली आणि अम्मींच्या ओठांना लावली. दहा-पंधरा मिनिटांनी अम्मींच्या चेहऱ्यावर रंग आला. आम्ही उठू लागलो तर त्या बाई म्हणाल्या, “खाली पेट नीचे मत उतरना.” आणि आतून थाळी आली. दोन फुलके, गट्ट्याची भाजी, वाटीभर दही.

आम्ही श्वास रोखून अम्मींकडं पाहत होतो. त्यांनी थाळीकडं पाहिलं, त्या बाईंकडं पाहिलं. मग ‘बिस्मिल्लाह’ म्हणून घास घेतला. कुठल्या भांड्यात काय शिजलं, हे त्यांनी विचारलं नाही. हिजाब घातलेल्या या बाया कोण, कुठल्या, हे त्या बाईंनीही विचारलं नाही. पैसे घ्यायला तयार नव्हत्या. मग मुलीनं त्यांच्याकडून दोन पिशव्या विकत घेतल्या.

ज्यांच्या घरी शुगरचे रुग्ण आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द इथंच लिहितो. शुगरची काही औषधं पोट रिकामं असलं तरी आपलं काम करतातच. गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. प्रवासात साखर, ग्लुकोज किंवा खजूर सामानात नको, अंगावरच्या पिशवीत हवेत. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर आधी साखरेचं पाणी, आणि बरं वाटल्यावर पोटभर जेवण. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

त्या दिवसानंतर आम्ही प्रश्न बदलला. ‘आपलं हॉटेल कुठं आहे’ हे विचारणं सोडलं आणि ‘इथली माणसं काय खातात’ हे विचारू लागलो. मग जैसलमेरनं आम्हाला भरभरून खाऊ घातलं.

आमचा जिल्हा तलावांचा. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळापासून बांधलेले तलाव आजही आमचं धान पिकवतात. वर्षाला सरासरी १३०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस. जैसलमेरला जेमतेम २०० मिलीमीटरच्या आसपास. तिथं हिरवी भाजी रोज कुठून येणार? म्हणून तिथल्या बायांनी भाजीशिवायची भाजी शोधली. बेसनाचे गट्टे, मुगाच्या मंगोड्या, चक्क पापडाची भाजी. पाण्याऐवजी ताक, दही, तूप. आणि त्या सगळ्यांची राणी म्हणजे केर-सांगरी. केर हे काटेरी झुडपाचं मिरीएवढं, कधी बोराएवढं फळ. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे आपल्याकडं दसऱ्याला जिची आठवण निघते ती शमी. या शेंगा वाळवून वर्षभर ठेवतात, भिजवतात, आणि तेल-मिरची-आमचूर घालून परततात. केरचा कडूपणा ताकात मुरवून काढतात. तेलावर शिजलेली ही भाजी दोन दिवस टिकते. आमच्या कबाबांपेक्षा शहाणी!

बेसन तरी कुठून येतं, असं आमच्या मुलानं विचारलं. याचं उत्तर खडीनमध्ये आहे. पालीवाल ब्राह्मणांनी तिथं काही शतकांपूर्वी उतारावरचं पावसाचं पाणी लांब मातीच्या बांधानं अडवायला सुरुवात केली. पाणी जमिनीत मुरतं, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घेतात. आमच्या तलावांचाच हा वाळवंटातला भाऊ.

गांधी चौकाजवळच्या एका साध्या भोजनालयात दाल-बाटी मागवली. बाटी फुटून तुपात बुडाली तेव्हा अम्मी हसल्या, “अरे, ये तो अपने रोडगे हैं!” खरंच होतं ते. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला कणकेचा गोळा, सोबत वरण. फरक इतकाच की आपल्याकडं वांग्याची भाजी असते आणि तिथं चुरमा. गावाकडं शेजाऱ्यांच्या शेतात रोडग्यांची पंगत बसली की अम्मी लहानपणी त्यात जेवल्या होत्या, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी हा नियम कधी आणि का धरला, ते आम्ही विचारलं नाही. माणसं एकमेकांपासून लांब गेली की नियम आपोआप कडक होत जातात.

गोश्त खाल्लंच नाही असं नाही. तिसऱ्या दिवशी जुमा होता. नमाजीनंतर मशिदीतल्या दोन बुजुर्गांना विचारलं. त्यांनी गल्लीतलं चार टेबलांचं एक खानावळवजा घर दाखवलं. पाटी नव्हती, पण कसाई त्यांच्याच मोहल्ल्यातला होता. मथानियाच्या लाल मिरचीतलं गोश्त, सोबत बाजरीची रोटी. अम्मींनी निश्चिंत मनानं दोन बोटी खाल्ल्या. परगावी पाटी वाचण्यापेक्षा मशिदीत विचारणं बरं, हा आमचा अनुभव.

एक फसवणूक मात्र वाट्याला आली. शहरापासून चाळीस किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्या आहेत. तिथं तंबूत जेवणासह पॅकेज घेतलं होतं. प्रत्यक्षात शाकाहारी-मांसाहारी सगळं एकाच मेजावर, चमचे इकडचे तिकडं, शेजारच्या टेबलांवर बाटल्या उघडलेल्या, आणि जेवण गार. आम्ही न जेवता बाहेर येऊन उभे राहिलो. आमचा जीपवाला जवळच्याच ढाणीतला, सिंधी बोलणारा मुसलमान. त्यानं विचारलं, “घर चलोगे?”

अंगणात खाटा टाकल्या. बाजरीचे जाड सोगरे, त्यावर तूप, लसणाची चटणी, कढी आणि ताक. इतकंच. हात धुवायला त्याच्या मुलीनं तांब्यातून बारीक धार धरली. आमच्या मुलानं अर्धा पेला पाणी पिऊन बाकीचं खाली ठेवलं. घरच्या बाईंनी काही न बोलता ते उचललं आणि बकरीच्या भांड्यात ओतलं. आमच्या मुलानं ते पाहिलं. पुढचा पेला त्यानं अर्धाच मागितला. तलावांच्या जिल्ह्यातून आलेलो आम्ही सगळे मान खाली घालून जेवलो.

जाणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी. किल्ल्याच्या दाराबाहेर भांगेचं परवानाधारक दुकान आहे. तिथली लस्सी आणि बिस्किटंही भांगेची असतात. ‘स्पेशल लस्सी’ असं कुठंही ऐकलं तर आधी विचारा, आणि मुलांना एकटं पाठवू नका. किल्ल्याच्या आत गच्चीवरची हॉटेलं छान दिसतात, पण महाग असतात. शिवाय किल्ल्यात वापरलेलं पाणी खाली मुरून पाया कमकुवत करतं, बुरूज खचतात, ही तिथली जुनी चिंता आहे. किल्ला पाहावा, उतरावं, आणि राहणं-जेवणं खाली शहरात करावं. गोड खायचं तर जैसलमेरचे घोटुआ लाडू, आणि जोधपूरकडं परतताना पोकरणचे चमचम. जोधपूरला मिरचीवडा आणि माखनिया लस्सी. पॅकेजमधलं जेवण घेऊच नका. मुक्काम घ्या आणि जेवण वेगळं शोधा.

आणि हो, घरून डबा न्यायचाच असेल तर कोरडा न्या. चणे, खजूर, चिवडा. गोश्त नाही.

परत आलो. अम्मींनी अर्धा किलो केर-सांगरी आणली होती. एका दुपारी ती भिजत घातलेली असताना मोहल्ल्यातल्या खाला आल्या. त्याही मुलाबरोबर राजस्थानला जायच्या होत्या. त्यांनी बसल्या बसल्या पहिला प्रश्न तोच विचारला, “वहाँ अपना होटल मिला क्या?”

अम्मी ताकातले केर चोळत होत्या. “मिला,” म्हणाल्या. “गोश्त चाहिए तो मस्जिद में पूछना. बाकी दाल को कोई जबह नहीं करता.”

आमची मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिनं पुस्तकातून डोकं वर काढून आमच्याकडं पाहिलं. आम्ही तिला दटावलं नाही.