कानबाईची रात्र आणि माझा गळा

मैत्रिणींनो, हळदीकुंकवाला कुणी ‘एखादं गाणं म्हणा ना’ असा आग्रह केला, की आपण काय म्हणतो? ‘छे बाई, मला कुठला गळा!’ मीही तेच म्हणत असे. फरक एवढाच, की माझं म्हणणं खरं होतं. माझा गळा गेला होता.

माहेर माझं धुळ्याचं, सासर जळगावचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात आणि बाया रात्रभर गाणी म्हणतात, हे खानदेशातल्या तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहेच. माहेरी ती गाणी आई उचलायची, बाकीच्या मागून म्हणायच्या. आई गेल्यावर तो मान माझ्याकडे आला. पण मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. साठ मुलांचा वर्ग, वर पत्रा, आणि तेवीस वर्षं ओरडून शिकवलेलं. आवाज आधी घोगरा झाला, मग फाटला. एका कानबाईला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. सगळ्याजणी माझ्याकडे पाहत राहिल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीच ताटं इकडची तिकडे करीत बसले.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर दोन बारीक गाठी! बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आपटतात, हे मला तेव्हा कळलं. कुदळीनं हाताला घट्टे पडावेत, तशातलाच हा प्रकार. विश्रांती घ्या, दिवसभर पाणी प्या, ओरडणं बंद, कुजबुजणंसुद्धा बंद, असं त्यांनी सांगितलं. पुढे म्हणाले, ‘आणि आवाज वापरायचा कसा, ते शिका.’ बाई गं! त्रेपन्नाव्या वर्षी बोलायला शिकायचं?

गाठी विरल्यावर मी गाण्याच्या बाईंकडे गेले. शेजारी ‘प्रारंभिक’ परीक्षेची तयारी करणारी दहा वर्षांची चिमुरडी! पहिल्याच दिवशी मी लताबाईंचं गाणं काळी पाचमध्ये ताणायला लागले. बाईंनी पेटीचा भाताच बंद केला. म्हणाल्या, ‘ही त्यांची पट्टी, तुमची नव्हे.’ मला त्यांनी पांढरी पाच दिली आणि त्यानंतर तीन महिने फक्त सा.

पहाटे मोबाइलवर तंबोरा लावायचा, ताठ बसायचं, खांदे न उचलता पोटाशी श्वास भरायचा आणि हळू आवाजात सा धरायचा. तो डगमगला, की थांबायचं. मग खाली खर्जात उतरायचं. तिथे जोर चालतच नाही, गळा सैल सोडावाच लागतो. खरं काम कानाचं असतं, हे मला कळायला महिना लागला. आपला सूर तंबोऱ्यात मिसळला, की वेगळा ऐकूच येत नाही. आमचे हे म्हणाले, ‘तीन महिन्यांची फी भरली आणि एकच अक्षर आलं?’

मला वाटायचं, हे कष्ट आपल्यासारख्या बिनगळ्याच्यांना, गंधर्वांना कशाला? पण बालगंधर्व (१८८८–१९६७) लहानपणी आमच्या जळगावातच मेहबूबखाँकडे शिकले, आणि नाव झाल्यावरही भास्करबुवा बखल्यांसमोर शिष्य म्हणून बसले. लताबाईंचं आजोळ आपल्या धुळे जिल्ह्यातलं, तापीकाठचं थाळनेर. आजीकडून त्यांनी गुजराती गरबे उचलले, घरी वडील मास्टर दीनानाथांकडे शिकल्या. तरी १९४५ साली मुंबईला आल्यावर पुन्हा अमानअली खाँ भेंडीबाजारवाल्यांचा गंडा बांधला. श्वास कुठे घ्यायचा हे अनिल विश्वासांनी शिकवलं, असं त्या आवर्जून सांगत.

श्वासाचं ते मी बाईंकडून ऐकलं, तेव्हा मला आजीचं घरोट आठवलं. (जळगावाबाहेरच्या वाचकांसाठी: घरोट म्हणजे जातं.) आजी ओवी म्हणताना कधी धापली नाही. खुंटा ओढताना ओळ, खुंटा पुढे गेला की श्वास. आसोद्याच्या बहिणाबाईही घरोटावरच गायल्या. लिहिता येत नव्हतं त्यांना, पण दम कुठे टिकवायचा हे हाताला ठाऊक होतं. आपल्या घरात मिक्सर आला आणि ती शाळा बंद पडली.

ज्येष्ठमधाबद्दल खूपजणी विचारतात. जरूर चघळा, घसा ओला राहतो. पण सूर त्यानं येत नाही. गाण्याआधी गटागटा प्यायलेलं पाणीही स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जातं. उपयोगी पडतं ते दिवसभर घोट घोट प्यायलेलं. वर्गात मात्र मी आता ओरडत नाही. टाळी वाजवते आणि गप्प उभी राहते. मुलं आपोआप चिडीचूप होतात.

दोन वर्षांनी पुन्हा धुळ्याला भावाकडे कानबाईला बसले. गाणं खालच्या पट्टीत उचललं. ‘अवं, जरा वर घे ना!’ म्हणून चुलतबहिणीनं डिवचलं. मी हसले, पण पट्टी सोडली नाही. बाकीच्या वर चढल्या, हौसेनं ओरडल्या; तीन वाजेपर्यंत एकेकीचा घसा बसत गेला. पहाटे सगळ्याजणी कानबाईपुढे भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आईचं शेवटचं गाणं मी एकटीच म्हणत होते. भाऊ दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘आक्का, थांबू नको.’