एका अरण्याची नावे

जे. आर. आर. टोल्कीन यांच्या कल्पनासृष्टीत मर्कवुड नावाचे एक अफाट अरण्य आहे. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हॉबिट’ या कादंबरीत ते प्रथम येते आणि १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांत त्याचा पुढचा इतिहास सांगितलेला आहे. भाषिक हक्कांविषयीच्या लेखांत या काल्पनिक अरण्याचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. टोल्कीन ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपण भाषा आधी रचल्या आणि त्या भाषांना जग हवे म्हणून कथा नंतर उभ्या केल्या, असे ते सांगत. त्यामुळे त्यांच्या नकाशावरचे प्रत्येक नाव कोणाच्या तरी तोंडचे असते, आणि ते कोणाच्या तोंडचे आहे हे शोधता येते. वकिलीत तीस वर्षे दस्तऐवज चाळण्यात गेल्यामुळे मी ती परिशिष्टे जमिनीचे कागद वाचावेत तशी वाचतो.

प्रथम चतुःसीमा पाहू. अरण्याच्या पश्चिमेस आंदुइन ही महानदी वाहते आणि तिच्या पलीकडे पर्वतरांग आहे. ईशान्येस एक मोठे सरोवर असून त्यात लाकडी खांबांवर उभारलेले, व्यापारावर जगणारे माणसांचे नगर आहे. अरण्याच्या उत्तर भागात डोंगर आहेत. त्यांच्या दक्षिणेकडून एक जुना रस्ता अरण्य पूर्व-पश्चिम छेदत जातो, पण त्याचे पूर्वेकडचे टोक दलदलीत बुडाल्याने वाहतूक थांबलेली आहे. आणखी खाली अरण्याची कंबर आवळल्यासारखी अरुंद होते आणि त्याखालच्या दक्षिण भागात एक उघडी टेकडी आहे.

आता नावे. या अरण्याचे जुने नाव ‘ग्रीनवुड द ग्रेट’, म्हणजे थोर हरितवन. त्या जगातील तिसऱ्या युगाच्या १०५०व्या वर्षाच्या सुमारास त्यावर दुष्ट शक्तीची छाया पडली आणि माणसे त्याला मर्कवुड, काळोखाचे रान, म्हणू लागली. एल्फांच्या सिंदारिन भाषेत त्याला महाभयाचे अरण्य अशा अर्थाचे नाव मिळाले. दक्षिणेकडच्या टेकडीचेही तेच झाले. आमोन लांक, म्हणजे उघडी टेकडी, हे साधे वर्णन मागे पडून ती दोल गुल्दुर, म्हणजे चेटकाची टेकडी, झाली. मर्कवुड हा शब्द मात्र टोल्कीन यांनी नव्याने घडवलेला नाही. प्राचीन नॉर्स काव्यांत मिर्कविद नावाचे अरण्य येते आणि एका कथेत ते गॉथ व हूण या दोन लोकांच्या प्रदेशांमधले सीमेवरचे अरण्य आहे. म्हणजे या नावाच्या मुळाशीच सीमा आहे.

या अरण्यात राहते कोण? उत्तरेला थ्रांदुइल या राजाचे एल्फ राहतात. राजघराणे सिंदार, म्हणजे पश्चिमेकडून आलेले, आणि प्रजा मूळची रानएल्फ, जिची भाषा वेगळी. टोल्कीन यांच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये त्यांच्या मुलाने प्रसिद्ध केलेल्या टिपणांत याविषयी मोलाची माहिती आहे. थ्रांदुइलचा पिता ओरोफेर मूठभर सिंदार घेऊन या लोकांत आला, तेव्हा त्या मंडळींनी प्रजेची भाषा उचलली आणि प्रजेच्या वळणाची नावे घेतली. राज्यकर्त्यांनी प्रजेची भाषा स्वीकारल्याचे उदाहरण कल्पनेतही विरळाच. तरीही त्याच टिपणांत पुढे म्हटले आहे की तिसऱ्या युगाच्या अखेरीस रानएल्फांची भाषा बहुधा बोलण्यातून गेली होती आणि मागे काही शब्द, काही व्यक्तिनामे, काही स्थलनामे एवढेच उरले होते. थ्रांदुइलच्या मुलाचे नाव लेगोलास. टोल्कीन यांनी एका पत्रात त्याचा उलगडा केला आहे. शुद्ध सिंदारिनमध्ये ते ‘लाएगोलास’ झाले असते. ‘लेगोलास’ हे त्याचे रानातल्या बोलीतले रूप होय. एका स्वराच्या फरकात एका लोकसमूहाचा उच्चार राजपुत्राच्या नावात टिकून राहिला.

अरण्याच्या पश्चिम कडेला माणसेही राहतात, बेऑर्निंग आणि वुडमेन. वुडमेनना मी रानकरी म्हणेन. त्यांच्या भाषेविषयी परिशिष्टात एवढेच सांगितले आहे की ती त्या जगाच्या सामान्य व्यवहारभाषेशी नाते राखून होती. बेऑर्निंगांचा मूळपुरुष बेऑर्न याचा एक शब्द मात्र ‘द हॉबिट’मध्ये सापडतो. नदीपात्रातल्या एका प्रचंड खडकाला तो ‘कॅरॉक’ म्हणतो. तसल्या कोणत्याही खडकाला त्याचा शब्द कॅरॉकच, आणि हा घराजवळचा एकुलता एक म्हणून याचे नावही कॅरॉक. माळाला माळ आणि ओढ्याला ओढा म्हणणाऱ्या आपल्या खेड्यांना ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

रानकऱ्यांचे स्वतःचे असे, त्या संपूर्ण अरण्यासाठीचे वेगळे नाव मला कोठे आढळत नाही. एल्फांनी नाव दिले आणि व्यवहारभाषेतही नाव रूढ झाले. जे रोज त्यात लाकूड तोडतात ते बहुधा त्याला नुसते ‘रान’ म्हणत असतील. आमच्या बेळगाव-खानापूर भागात ‘रानात गेलाय’ म्हटले की माणूस शेतावर गेला असा अर्थ होतो. जंगल आणि शेत या दोहोंना पुरणारा हा शब्द ज्यांचे पोट त्या जमिनीवर आहे त्यांचा आहे. नाव लागते ते दुरून पाहणाऱ्याला.

आता मुख्य नोंद. तिसऱ्या युगाच्या ३०१९व्या वर्षी युद्ध संपले. दोल गुल्दुर पडले. एल्फांच्या नववर्षदिनी, ६ एप्रिलला, अरण्याच्या मध्यभागी थ्रांदुइल आणि दक्षिणेकडच्या लोरिएनचा अधिपती केलेबोर्न यांची भेट झाली. त्यांनी अरण्याचे नामांतर ‘एरिन लासगालेन’, म्हणजे हिरव्या पानांचे अरण्य, असे केले. डोंगरांपर्यंतचा उत्तर भाग थ्रांदुइलने घेतला. अरुंद कंबरेखालचा दक्षिण भाग केलेबोर्नने घेऊन त्याला पूर्व लोरिएन हे नाव दिले. मधले सगळे विस्तीर्ण अरण्य बेऑर्निंग आणि रानकरी यांना देण्यात आले.

मी या नोंदीतील क्रियापदांपाशी थांबतो. दोघांनी ‘घेतले’ आणि तिसऱ्यांना ‘दिले’. वाटणी उदार आहे, यात शंका नाही. दोन्ही अधिपतींनी त्या अरण्यासाठी रक्त सांडले होते आणि दोघांनीही दुसऱ्याच्या वस्तीवर हक्क सांगितलेला नाही. पण ज्याच्यापाशी जे नाही ते त्याला देता येत नाही, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे. पश्चिम कडेचे रान रानकऱ्यांच्या वहिवाटीत पूर्वीपासून होते. भेटीच्या नोंदीत मात्र नावे दोघांचीच आहेत, आणि नवे नावही एल्फांच्याच भाषेतले आहे.

आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला आणि पुढच्या वर्षी त्याने अहवाल दिला. त्यातही गावे ‘द्यावीत’ आणि ‘घ्यावीत’ अशीच भाषा आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. तो राज्यघटनेच्या अनुच्छेद १३१ खालचा असल्याने त्यात पक्षकार सरकारे आहेत. गावकरी त्यात पक्षकार नाही, त्याचा केवळ उल्लेख येतो. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावचे बेळगावी झाले. या नावाचे जुने रूप वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव, असे सांगतात. वेळूच्या बेटाजवळ प्रथम घर बांधणाऱ्याने त्या जागेला काय म्हटले, हे कोणत्याही कागदावर नाही.

खानापूर तालुक्यातील एका जमिनीच्या दाव्यात मी एका वृद्ध साक्षीदाराला दाव्यातली जमीन कोणती असे विचारले होते. ‘जांभळीच्या टेकाखालचं रान,’ ते म्हणाले. जुन्या मोडी खरेदीखतात जमिनीचे हेच वर्णन होते. हल्लीच्या कन्नड उताऱ्यात केवळ सर्व्हे नंबर आहे आणि साक्षीच्या नोंदीतही शेवटी तो नंबरच आला. कन्नड उताऱ्याविषयी माझी तक्रार नाही. कन्नड खेड्यांतली जुनी शेतनावेही याच नंबरांखाली गाडली गेली आहेत.

मालकी नंबराने सिद्ध होते, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोणती भाषा बोलली गेली हे नंबर सांगत नाही. ते टेक, तळी, ओढे, राया आणि पाणंदी यांची नावे सांगतात. म्हणून माझी एक विनंती आहे. बेळगाव, कारवार, बिदर, भालकी, गोवा, आपण जिथे असाल तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून शिवारातल्या प्रत्येक जागेचे नाव त्यांच्या उच्चारात लिहून घ्यावे. उच्चार शुद्ध करू नये. ‘लेगोलास’चे ‘लाएगोलास’ केले तर रानातल्या लोकांचा पुरावाच पुसला जातो. सोबत सांगणाऱ्याचे वय आणि तारीख लिहावी, जमल्यास सर्व्हे नंबरही जोडावा. हे काम न्यायालयाच्या निकालासाठी थांबू शकत नाही, कारण सांगणारी माणसे थांबणार नाहीत.