पश्चिमेची भिंत

कोयनानगरच्या आसपास भाड्याने द्यायला घर घ्यायचं असेल, तर ते जुलैत बघावं. दिवाळीनंतर सगळीच घरं चांगली दिसतात. शिवसागर जलाशय भरलेला, डोंगर हिरवे, भिंतींना नुकताच रंग दिलेला. मालक अंगणात खुर्च्या मांडतो, चहा देतो आणि विसाराची घाई करतो. तेच घर भर आषाढात बघायला गेलं की ते काय आहे ते कळतं. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. शिवाय तो सरळ पडत नाही. कोकणाकडून कुंभार्ली घाट चढून आलेल्या वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर दिवसरात्र आपटत राहतो.

माझ्या पहिल्या घराची डागडुजी करणारे हेळवाककडचे गवंडीमामा म्हणाले होते, "दादा, पश्चिमंची भिंत बघा आधी. पूर्वंची कुणीबी कोरडी ठेवतंय." घर बघण्याची माझी सगळी रीत त्या वाक्यावर उभी आहे. घरात शिरलो की मी पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावतो. खिडकीच्या खालची जागा, कपाटामागची जागा, विजेच्या बोर्डाभोवतीचा गिलावा, या तीन ठिकाणी ओल लपत नाही. बोर्ड त्याच भिंतीवर असेल तर तो हलवायचा खर्च किमतीतून वजा धरतो. मग छप्पर. पत्रा असेल तर हुकांच्या भोकांभोवती गंजाचे ओघळ दिसतात का, कौलं असतील तर वासे काळे पडलेत का, स्लॅब असेल तर त्यावर पत्र्याची शेड आहे का. आमच्याकडे स्लॅबवर पुन्हा पत्रा घालतात, आणि मला ते पटतं. नुसत्या वॉटरप्रूफिंगच्या भरवशावर इथल्या पावसात स्लॅब सोडणं म्हणजे तीन-चार वर्षांनी छत ठिबकताना बघणं.

शेवटी घराच्या मागे जाऊन उभं राहायचं. डोंगराचं पाणी कुठून उतरतं, जोत्याला भिडतं की चरातून बाजूने निघून जातं, हे पाऊस चालू असतानाच दिसतं. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, घरं माणसांसकट गाडली गेली. तेव्हापासून मी घराआधी घरामागचा उतार बघतो. तो उभा असेल, माती सुटलेली असेल, वरच्या अंगाला नवा रस्ता खणलेला असेल, तर घर कितीही स्वस्त मिळू दे, मी परत फिरतो. ज्या घरात मी माझ्या पोरांना झोपवणार नाही, ते दुसऱ्याच्या पोरांसाठी भाड्याने देण्याचा मला अधिकार नाही.

पावसाइतकीच दुसरी कसोटी जमिनीच्या आतून येते. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झालेला भूकंप आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी अनुभवला होता. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. माणसं दगावली ती मुख्यतः घरं अंगावर पडून. चिखलात रचलेल्या दगडी भिंती, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोघांना सांधणारा आरपार दगड नाही, आणि वर जड छप्पर. हादरा बसला की असे दोन थर फाकतात आणि छप्पर खाली येतं. या खोऱ्यात लहानमोठे धक्के अजूनही बसत असतात, त्यामुळे जुनं दगडी घर समोर आलं की त्याच्या देखणेपणाने मी भुलत नाही. जोत्याला आणि खिडक्या-दारांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा आहे का, कोपऱ्यांत सळई आहे का, छप्पर हलकं आहे का, हे विचारतो. उत्तर नाही असेल तर ते घर भाड्यासाठी घ्यायचं नाही, किंवा भिंती उतरवून नव्याने बांधायचं. नुसती डागडुजी तिथे पुरत नाही.

माझं बालपण कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत गेलं. कोयनानगर हे धरणासाठी वसवलेलं गाव. वडील प्रकल्पावर नोकरीला होते, भाडं पगारातून कापलं जायचं, आणि पावसाळ्याआधी पत्र्याचे नट आवळायला माणूस यायचा. चांगला घरमालक कसा असतो, ते मी त्या माणसाकडे बघत शिकलो. त्याला बोलवावं लागत नव्हतं. मे संपत आला की शिडी घेऊन तो स्वतः हजर व्हायचा. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं, तसं आम्हीही सोडलं. अशा कितीतरी कुटुंबांनी मग रासाटी, पाटण, कराड इथे घरं केली. वडिलांनी फंडातून घेतलेल्या दोन खोल्या आणि त्यांना मागून जोडलेली एक पडवी, इथून माझा हा व्यवसाय सुरू झाला. आज माझ्याकडे कोयनानगरच्या बाजूला थोडी घरं आहेत आणि कराडला विद्यानगरात विद्यार्थ्यांसाठीच्या खोल्या.

विद्यानगरचं गणित सोपं आहे. १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तिथे आहे, भोवती इतर कॉलेजं आहेत, खोली सहसा रिकामी राहत नाही. नळ, कड्या, गाद्या आणि रंग यांचा खर्च मात्र दरवर्षी धरून चालावा लागतो. कोयनेकडे तसं नाही. इथला भाडेकरू बदलीवर येतो आणि बदलीने जातो. शाळेतल्या बाई, बँकेतले साहेब, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, महावितरणचे वायरमन, वनखात्याचे लोक. धरणाच्या किंवा वीजगृहाच्या एखाद्या मोठ्या कामाचं कंत्राट सुरू झालं की खोल्यांना मागणी येते, काम संपलं की एका महिन्यात रांगच्या रांग रिकामी. १९९९ आणि २०१२ ला इथे जलाशयाच्या तळाशी छिद्र पाडून बोगद्यात पाणी घेण्याचे, लेक टॅपिंगचे प्रयोग झाले. तशी कामं रोज होत नाहीत. त्या भरवशावर खोल्या बांधू नयेत. बांधायच्या त्या बाई, सिस्टर आणि वायरमन यांच्यासाठी, कारण शाळा, दवाखाना आणि वीज कायमची आहे.

आता पैशांचं. समजा, दहा लाखांचं घर आहे आणि महिना चार हजार भाडं येतं. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. दोन महिने घर रिकामं राहणार असं धरलं तर चाळीस. पत्रा, रंग, वायरिंग, शोषखड्डा यांना दहा हजार, घरपट्टी आणि किरकोळ दोन. हातात अठ्ठावीस हजार, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. बँकेतली ठेव याहून जास्त देते. म्हणून कर्ज काढून भाड्यासाठी इथे घर घेऊ नका, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. हप्ता भाड्याच्या दुप्पट-तिप्पट जातो आणि मग माणूस पहिली काटकसर करतो ती छपरावर. स्वतःचे पैसे असतील, पंधरा-वीस वर्षं थांबायची तयारी असेल आणि शिडी चढायची हौस असेल, तर हा धंदा करावा. मी करतो, कारण मला घर राखायला मनापासून आवडतं. ओझर्डे धबधबा बघायला येणाऱ्यांना शनिवार-रविवार खोल्या देऊन जास्त पैसे मिळतात, हेही खरं. पण तो पाहुणचाराचा व्यवसाय आहे, आणि शेजारच्या खोलीत दहावीचे पेपर तपासत बसलेल्या बाईंना त्याचा त्रास होतो.

कागदपत्रांबाबत मी कडक आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती दाखवून इथे घरं विकली जातात. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घराखालची जमीन कुणाची, सातबारावर काय लिहिलंय, हे बघितल्याशिवाय मी चर्चेला बसत नाही. आमच्या भागात आणखी एक गोष्ट बघावी लागते. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी बऱ्याचदा भोगवटादार वर्ग २ च्या असतात आणि परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तरीही स्टॅम्पपेपरवर साठेखत करून त्या स्वस्तात घेणारे आहेत. ज्यांचं गाव शिवसागराखाली गेलं, त्यांच्या वाट्याला आलेला तुकडा असा अर्ध्या किमतीत काढून घेणं मला चुकीचं वाटतं. कायद्यानेही तो व्यवहार टिकत नाही.

भाडेकरू निवडताना मी पगार शेवटी विचारतो. आधी विचारतो, किती वर्षं राहाल आणि घरी कोण कोण आहे. आत येण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घराचे फोटो काढायचे, मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं, त्याखाली दोघांच्या सह्या. अनामत दोन महिन्यांची, त्याहून जास्त नाही. ती घर सोडण्याच्या दिवशी, टेम्पो भरत असतानाच परत द्यायची. बदली झालेल्या माणसाला नव्या गावी अनामत भरायची असते, आणि त्याच दिवशी त्याला पैशांची सर्वांत जास्त निकड असते. भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडणं हे मी कधी केलं नाही. भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे, तिथे त्याचं कलम २९ असं करायला मनाई करतं, पण तो कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. जूनपूर्वी पश्चिमेच्या भिंतीवर पत्रा किंवा जाड कागद मारून द्यायचा, पन्हळी साफ करायच्या, हे माझं काम. भाडेकरूने ते मागावं लागलं तर मी माझं काम केलेलं नाही.

पाटण तालुक्यातल्या वाड्यांमधून फिरताना सगळ्यात जास्त जिवाला लागतात ती कुलूपबंद घरं. या तालुक्याने मुंबईला पिढ्यानपिढ्या माथाडी कामगार दिले. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. त्या कष्टाच्या पैशांतून गावाकडे पक्की घरं उभी राहिली आणि ती गणपतीला, यात्रेला, मे महिन्यात उघडतात. उरलेलं वर्ष ओल आणि वाळवी त्यांत राहते. दुसरीकडे खोली मिळत नाही म्हणून शाळेतल्या बाई रोज कराडहून एसटीने ये-जा करतात. मुंबईकर मालकाला भाड्याचं नाव काढलं की तो म्हणतो, "नको दादा, कूळ लागंल." ही भीती आजोबांच्या काळातल्या कूळकायद्यातून आली आहे, आणि ती मला समजते. पण लिव्ह अँड लायसन्स करारात राहणाऱ्याला फक्त ठराविक मुदतीपुरती परवानगी मिळते, घरात हक्क निर्माण होत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून हेच तत्त्व आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ज्या शहरांत लागू आहे, तिथे मुदत संपूनही न निघणाऱ्याकडून कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्क मागता येतं, आणि कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावरच आहे. नोंदणी आता ऑनलाइन होते, दोन्ही पक्षांचे अंगठे घेऊन, आणि तिचा खर्च एका महिन्याच्या भाड्याहून बराच कमी येतो.

म्हणून मुंबई, नवी मुंबई, ठाण्यात राहणाऱ्या माझ्या पाटणकर भावांना विनंती आहे. एक खोली देव आणि सामानासाठी कुलपात ठेवा, बाकीचं घर गावातल्या शाळेच्या बाईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत कराराने द्या, आणि त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्या. येत्या मे महिन्यात गावी याल तेव्हाच हे करून टाका, कारण जूनमध्ये शाळा उघडतात आणि नव्या बाई खोली शोधत असतात.