विजयाचा वाटा

मराठी रहस्यकथेची परंपरा सांगताना आपण नायकांची नामावळी म्हणतो: धनंजय, काळापहाड, झुंजार. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली आणि सामान्य माणसाला वाचनाची गोडी लावली, हेही कौतुकाने सांगतो. परंतु झुंजारकथा ही एका जोडप्याचीही कथा आहे, याचा विचार क्वचितच होतो. झुंजारची पत्नी विजया त्याच्या दुहेरी आयुष्याची जाणकार आहे, त्याच्या साहसांत सामील आहे. ज्या घरांत नवरा-बायको चारचौघांत एकमेकांचे नाव घेण्यासही संकोचत, त्या घरांत ही पुस्तके वाचली जात होती. पतिपत्नीने मिळून बेत आखावा, धोका पत्करावा, ही कल्पनाच त्या वाचकांना गुन्ह्याच्या उकलीइतकी रोमांचक वाटली असली पाहिजे.

आम्ही ही पुस्तके वाचली ती नंदुरबारला, १९९८ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी. वाचनालयातून मिळणाऱ्या प्रतींची शेवटची पाने बहुधा गळालेली असत. मग मिरचीच्या पथाऱ्यांच्या कडेने घरी परतताना आम्ही मित्रमंडळी आपापले शेवट रचीत असू. खुनी प्रत्येकाचा निराळा असे. उकल सांगणारा मात्र नेहमी झुंजारच. विजयाने सर्वांसमोर उभे राहून एकेक धागा सोडवून दाखवावा, असा शेवट आमच्यापैकी कुणी रचल्याचे आठवत नाही. मालेच्या नावातच तिला जागा नव्हती.

प्रेमकथा आणि रहस्यकथा यांचा संसार तसा अवघड. ‘हे दोघे एकत्र येतील का?’ हे प्रेमकथेतील रहस्य लग्नापाशी संपते. मालिका लग्नानंतरही चालवायची, तर लेखकापुढे नवा प्रश्न उभा राहतो: आता कामाची वाटणी कशी व्हावी? शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेशला सत्यवती भेटते ती एका खुनाच्या तपासात. दूरदर्शनवरील १९९३ च्या मालिकेत सुकन्या कुलकर्णी यांनी ती साकारली होती. लग्नानंतर मात्र तपासातला जोडीदार अजितच राहतो आणि सत्यवतीकडे येते ते घर.

याउलट अगाथा ख्रिस्तीची टपेन्स पाहावी. १९२२ ते १९७३ या काळातील पाच पुस्तकांत ती आणि टॉमी तरुण, प्रौढ आणि वृद्ध होत जातात. १९२९ च्या कथासंग्रहात दोघे मिळून गुप्तहेर संस्था चालवितात; अखेरीस मूल होणार म्हणून टपेन्स ते काम सोडते. पुढे १९४१ च्या युद्धकालीन कादंबरीत गुप्त कामगिरी सोपविली जाते ती एकट्या टॉमीवर. टपेन्स ते बोलणे चोरून ऐकते आणि टॉमी पोहोचण्याआधीच खोट्या नावाने त्या निवासात जाऊन राहते. प्रसंग विनोदी आहे. पण वाटा कुणी देत नसेल तर तो आपणच उचलावा लागतो, हे त्यातून उघड दिसते.

कालांतराने आम्ही याच जिल्ह्यात अध्यापन करू लागलो. वर्गात या जोडप्यांविषयी बोलत असता, सातपुड्यातील एका पाड्यावरून आलेल्या विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, यांत पैसे कुणाच्या हातात येतात?’ प्रश्नामागे ऊसतोडीचा अनुभव होता. या जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे हंगामात दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात. तेथे मजुरांची मोजणी ‘कोयत्या’ने होते आणि एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायको मिळून एक. ऊस तोडणे, सोलणे, मोळ्या बांधणे, त्या वाहून नेणे, हे सारे दोघांनी मिळून. एकाच्या हातांवाचून दुसऱ्याचे काम अडते. मुकादमाकडून मिळणारी उचल मात्र सहसा नवऱ्याच्या हाती पडते.

सहभाग आणि वाटा हे दोन शब्द आपण किती सहज एकमेकांच्या जागी वापरतो! विजयाला सहभाग मिळाला. त्या काळी तेवढेही थोडे नव्हते, आणि अर्नाळकरांना आजच्या मापाने मोजण्याची आमची इच्छा नाही. पण लोकप्रिय वाङ्मय शिकविताना ‘खून कुणी केला?’ याच्या जोडीला ‘उकल कुणाच्या तोंडी आहे?’ हा प्रश्न वर्गात आलाच पाहिजे. तो आल्यावाचून ही पुस्तके केवळ स्मरणरंजनाचा विषय होऊन राहतील.

त्या विद्यार्थिनीने पुढे स्वाध्याय म्हणून एका झुंजारकथेचा शेवट नव्याने लिहून आणला. त्यात विजया आधी खुन्याचे नाव सांगते, आणि मग बक्षिसाची रक्कम स्वतः मोजून घेते.